आप्पांचा कट्टा

तिरडी दारासमोरच बांधायची, ही आमच्या पेठेची रीत. म्हणून शेजारच्या आप्पांची तिरडी आम्ही सातव्या मजल्यावर, त्यांच्या फ्लॅटसमोरच्या पॅसेजमध्ये बांधली. खांद्यावर घेतली, लिफ्टचं दार उघडलं आणि सगळे थिजलो. तिरडी आत मावेना.

पेठेतल्या चाळी पाडून हा टॉवर उभा राहिला. नकाशा दाखवायला बोलावलं तेव्हा आम्ही काय काय मागितलं नव्हतं! बाग, वाचनालय, लग्नाला हॉल, बायकांना भिशीसाठी खोली. आप्पा तर खाली बसायला कट्टा हवाच म्हणून हातघाईवर आले होते. सगळं मिळालं. पण इथे कधीतरी कुणी मरेल, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं? मला अजून खरं वाटत नाही.

शेवटी जिन्याने निघालो. वळणावर तिरडी जवळजवळ उभीच करावी लागली.

"अरे हळू, त्यांना लागेल!" वरून काकू ओरडल्या.

"हो काकू, धरलंय घट्ट," आम्ही म्हणालो.

खाली पोचलो ते धापा टाकतच. खांदा बदलायला म्हणून तिरडी क्षणभर कट्ट्यावर टेकवली. उद्घाटन व्हायचं होतं, त्यामुळे त्यावर अजून कुणीच बसलं नव्हतं.