न झालेली गृहभेट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, वर्गातल्या मैत्रिणींना नाही, आणि ज्या मॅडमनी माझ्या फाईलवर ‘उत्तम’ असं लिहिलं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळलेलं नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसांपुढे मी अजून तीच आहे — गुणी मुलगी.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आमचं गाव आता पुणे महापालिकेत आलंय. शेतं गेली, सोसायट्या आल्या, पण आमच्या गल्लीत अजून ‘हाय’ आणि ‘न्हाय’च चालतं. कोथरूडच्या अध्यापक विद्यालयात मला प्रवेश मिळाला तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले. पोरगी शाळेत बाई होणार! आमच्याकडे बाईंचा मान कलेक्टरच्या खालोखाल असतो. मी हे सगळं का सांगते आहे? लांबण लावते आहे, दुसरं काय. मुद्द्याजवळ आलं की माझे पाय असेच थांबतात. तेव्हाही थांबले होते.

त्या वर्षी आमच्या कॉलेजने पेठेतल्या एका प्राथमिक शाळेशी करार केला. त्याआधीचे विद्यार्थी शाळेत जायचे, ठरलेले पाठ घ्यायचे आणि शाळेला विसरून परत यायचे. आता तसं व्हायचं नव्हतं. आम्ही अख्खं सत्र एकाच शाळेत राहायचं, तिथल्या शिक्षकांच्या हाताखाली शिकायचं, आणि आम्ही मुलांबद्दल जे लिहू त्याची एक प्रत शाळेला द्यायची, म्हणजे शाळेलाही उपयोग होईल. कराराच्या कार्यक्रमात प्राचार्य म्हणाले, कॉलेज आणि शाळा ही एकाच गाडीची दोन चाकं आहेत. आम्ही मागे बसून टाळ्या वाजवल्या.

मला तिसरीचा वर्ग मिळाला. तिथे सुमैया होती. भिंतीकडेच्या बाकावर बसायची. वडील बुधवार पेठेत ॲम्प्लिफायर, स्पीकर दुरुस्त करायचे. तिच्या पेन्सिलीला लाल-हिरव्या वायरचे बारीक वेढे गुंडाळलेले असायचे. प्रश्न विचारला की ती उत्तर द्यायची नाही, नुसती आपल्या तोंडाकडे बघत राहायची. मला ते तेव्हा बावळटपणाचं वाटलं. ती ओठ वाचत असेल, असं माझ्या मनात का आलं नाही? पुस्तकात होतं की. मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघही मारली होती.

आम्हाला एक ‘व्यक्ती-अभ्यास’ लिहायचा असतो. वर्गात मागे पडणारं एक मूल निवडायचं, ते का मागे पडतं ते शोधायचं, त्याच्या घरी जाऊन पालकांना भेटायचं आणि उपाय सुचवायचे. यातल्या घरी जाण्याला म्हणतात गृहभेट. मी सुमैयाला निवडलं. सीनियर मुली हसल्या. एक म्हणाली, “अगं, गृहभेट आपल्या घरी बसून लिहायची असते, म्हणून तर तिला गृहभेट म्हणतात. वाचतंय कोण?”

पण मी गेलेच नाही, असंही नाही. गेले होते. दोनदा.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमागच्या बोळात त्यांचं घर होतं. एका काकांनी जिना दाखवला. पहिल्या दिवशी मी जिन्याखालून परतले — बस चुकेल म्हणून. दुसऱ्यांदा परतले ते घरात कुणी नसेल म्हणून. दोन्ही कारणं मी स्वतःला सांगितली आणि ती मला पटलीही. पण बसला वेळ होता. आणि वर दिवा होता, कुकरची शिट्टी होत होती, कुणीतरी हसत होतं.

खरं कारण सांगू?

सकाळी निघताना आई म्हणाली होती, “जा, पर त्यांच्यात काय खाऊ-पिऊ नगं.” मी तिच्यावर चिडले होते. “आई, काय गं हे तुझं!” असं म्हणून, चपला घालून, पाय आपटत निघाले होते. कॉलेजात संविधानाची प्रास्ताविका न अडखळता म्हणणारी मी. आणि त्या जिन्याशी उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात एवढंच होतं, की चहा देतील. दिला तर? नको म्हणता येणार नाही. आणि घेताही येणार नाही. माझे पाय अडले ते आईमुळे, असं मी कितीतरी महिने मनाशी म्हणत आले. पण आई तिथे नव्हती. जिन्याशी मी एकटी होते.

फाईल देण्याचा दिवस आला. कॉलेजच्या वाचनालयात बसून मी सगळं लिहिलं, फक्त ‘घरातील वातावरण’ हे पान कोरं राहिलं. चार ओळी तरी हव्यात ना? मग मला जे घर माहीत होतं ते मी लिहिलं.

माझं.

‘वडील व्यसनी असून घरातील वातावरण तणावपूर्ण आहे.’ हे पहिलं वाक्य. पुढे पेन आपोआप चाललं. वडील संध्याकाळी पिऊन येतात. ताट फेकतात. मुलगी आपल्या वह्या तांदळाच्या डब्यामागे लपवते, म्हणजे त्या फाटणार नाहीत. आई काहीच बोलत नाही. हे सगळं माझ्या नावाने मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं, मैत्रिणींपुढे तोंडातून काढलं नव्हतं. सुमैयाच्या नावाने मात्र एका बैठकीत लिहून झालं. आणि — हे सांगायलाच हवं — लिहून मला हलकं वाटलं. माझा बाप मी तिच्या घरात नेऊन ठेवला, आणि ग्रंथपाल काकांना हसून “येते” म्हणून बाहेर पडले.

मॅडमनी ते पान वर्गात वाचून दाखवलं. म्हणाल्या, बघा, निरीक्षण असं हवं. तांदळाचा डबा! असं बारीक घरी गेल्याशिवाय दिसतं का?

करारानुसार एक प्रत शाळेत गेली. ‘वाचतंय कोण’ म्हणणाऱ्या सीनियरला शाळेच्या मोठ्या बाई ठाऊक नव्हत्या. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं. त्या चांगल्या होत्या. त्यांना खरोखर त्या मुलीसाठी काहीतरी करायचं होतं. त्यांनी सुमैयाच्या वडिलांना बोलावलं, आणि फाईल माझी म्हणून मलाही ऑफिसात उभं केलं.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सुमैयाने त्यांचा हात धरलेला. त्यांचे डोळे लालभडक होते.

“या. वेळ मिळाला म्हणायचा,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“निरोप आला तसं शटर ओढून आलो, बाई.”

“संध्याकाळी आपण कुठे असता?”

“दुकानात. मग नमाज, मग घरी.”

“आणि मध्ये?”

ते हसले. “मध्ये ट्रॅफिक असतं, बाई.”

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी फाईल उघडून ते पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. सुमैयाच्या समोर. वडिलांना आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल. मग म्हणाले, “बाई, आम्ही खोकल्याचं औषधसुद्धा बाटली वाचून घेतो.” बाई म्हणाल्या, डोळे काय ते सांगतायत. “हा सोल्डरिंगचा धूर आहे हो. आणि हिचं म्हणाल तर हिला उजव्या कानाने कमी येतं ऐकू. पहिलीतच सांगितलं होतं, भिंतीकडे बसवू नका, चांगला कान भिंतीला जातो म्हणून. आज तेच पुन्हा सांगायला आलो होतो.”

जिन्याच्या वर पाच मिनिटांत मला हेच कळलं असतं.

मग ते माझ्याकडे वळले. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

“ताई, तुम्ही आला होतात आमच्याकडे?”

मी मान हलवली.

“मी नसेन तेव्हा. हिच्या आईने चहा तरी दिला ना?”

“हो,” मी म्हणाले. “दिला.”

तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही दिसलं असतं — त्यांचा चेहरा कसा उतरला ते. घरी आले असेन, चहा प्याले असेन, तर हे सांगणारं माणूस घरात एकच उरत होतं, सुमैयाची आई. त्यांनी पुन्हा एकदा त्या फाईलकडे पाहिलं.

बोलली ती सुमैया. “ताई नाही आल्या,” ती म्हणाली. “कधीच नाही आल्या.”

अख्ख्या सत्रात तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. स्पष्ट, खणखणीत. ज्या मुलीला बोलतं करणं हे माझ्या फाईलचं उद्दिष्ट होतं, ती बोलली. आणि मी? मी टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत राहिले. तिसरी, मराठी. तिसरी, गणित.

“बघा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आता खोटं बोलायलाही शिकली.”

वडिलांनी खाली वाकून, तिच्या डाव्या कानाजवळ तोंड नेऊन सांगितलं, “सुमैया, ताईंना सॉरी म्हण.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वर्गात बघायची तशीच. वाट बघत होती, आता मला कळतं. मग म्हणाली, “सॉरी, ताई.”

“असू दे,” मी म्हणाले.

त्या संध्याकाळी त्या घरात काय झालं, मला माहीत नाही. त्यांनी बायकोला विचारलं का? तिने शपथा घेतल्या असतील का? मोठ्या बाईंनी सुमैयाला मधल्या रांगेत आणलं, एवढं बरं झालं. पण माझ्या तासाला तिने माझ्याकडे पाहणं सोडलं. मी शिकवत असताना ती खाली मान घालून पेन्सिलीची वायर सोडवायची आणि पुन्हा गुंडाळायची. जूनमध्ये चौथीच्या हजेरीत तिचं नाव नव्हतं. दाखला नेला, असं कळलं. कुठे नेला ते मी विचारलं नाही.

मोठ्या बाईंना मी सांगू शकले असते. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, केव्हाही. शाळा माझ्या बसच्या वाटेवरच होती. माझे गुण गेले असते, कदाचित वर्ष गेलं असतं. पेढे खाल्लेल्या गल्लीत तोंड दाखवावं लागलं असतं. मी हिशेब केला आणि गप्प बसले. तो हिशेब मी रोज केला, एकदाच नाही.

माझी फाईल कॉलेजने नमुना म्हणून ठेवून घेतली. काचेच्या कपाटात आहे, पहिल्या वर्षाच्या मुलींना बघता यावी म्हणून.

गेल्या महिन्यात त्यांच्यातली एक माझ्याकडे आली. माझ्यासारखीच, हद्दीवरच्या गावातली. बोलताना मध्येच ‘हाय’ निसटलं की जीभ चावणारी. व्यक्ती-अभ्यास देण्याआधी एकदा बघून द्या म्हणाली. मुलाचं नाव वेगळं होतं, शाळा वेगळी होती. गृहभेटीचं पान उघडलं. ‘वडील व्यसनी असून घरातील वातावरण तणावपूर्ण आहे.’ खाली ताट होतं. तांदळाचा डबा होता. काही न बोलणारी आई होती. तारीख तेवढी तिने स्वतःची घातली होती.

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

“ताई, बरोबर आहे ना?”

मी पान मिटलं. फाईल तिच्या हातात दिली.

“असू दे,” मी म्हणाले.