तुन्हा मुकादम कोन शे?

सुरतेहून येणाऱ्या एसटीत मी नवापूरला चढलो, तेव्हा एक अमेरिकन माणूस मान वाकडी करून उभा होता. उभा कसला, टपाला टेकूच! बसला की गुडघे पुढच्या बाकात अडकायचे. प्रत्येक खड्ड्याला त्याचं डोकं ठणकन टपावर आपटे आणि तो टपालाच "सॉरी" म्हणे.

बास्केटबॉल हा त्याचा पोटाचा धंदा. तुर्कस्तान, पोलंड, फिलिपिन्स करत तो यंदा सुरतेच्या एका संघात आला होता आणि आता संघातल्या मित्राच्या लग्नाला ब्राह्मणपुरीला निघाला होता.

बाकावर गुजरातेतली ऊसतोड संपवून सातपुड्यात घरी परतणारी एक बाई होती. मी इंग्रजीचा मास्तर, म्हणून दुभाषेगिरी माझ्याकडे. त्याचं हंगामापुरतं काम, हंगाम सरला की घर, पुढच्या वर्षी दुसरा मुलूख, हे सगळं ऐकून तिनं विचारलं, "मंग तुन्हा मुकादम कोन शे?"

टोळी जमवून कामावर नेणारा तो मुकादम, असं मी त्याला सांगितलं. "एजंट!" म्हणून तो एवढा हसला की डोकं पुन्हा आपटलं. मग शहाद्यापर्यंत तो "मुकादम, मुकादम" घोकत, नसलेल्या चेंडूला टप्पे देत राहिला.

शहाद्याला उतरताना बाईनं विचारलं, "पुढला साल कथा जाशी?"

पुढच्या वर्षी कुठे जाणार, हे मी इंग्रजीत विचारताच त्यानं ते लांबलचक हात पसरले, खांदे उडवले आणि म्हणाला, "मुकादम!"

अख्खी एसटी हसली. सगळ्यांत जास्त हसली ती बाई. पुढच्या सालचं तिचंही उत्तर तेच होतं.