रफ कागदांची फाईल

बडनेऱ्याला गाडीत बसले तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते, अमरावतीच्या दवाखान्यात सोळा वर्षं सिस्टर म्हणून काढलेली. तरी बाबांनी खिडकीतून सूचना केलीच. अकोल्याच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. "रफ कोनाले दाखवू नको वं. फेअर करून मंगच देजो."

इथे जर्मनीत भाषेच्या वर्गात बाईंनी प्रत्येकाला फाईल दिली. लिहाल ते सगळं तारखेसह ठेवा, म्हणाल्या. तिच्यावरून पुढचा वर्ग ठरणार होता, आणि तो झाल्याशिवाय मी इथे नर्स नाही, नुसती मदतनीस. मी काय केलं? चुकांचा कागद काढून घ्यायचा आणि समास आखून, सुवाच्य अक्षरात फेअर करून लावायचा. इतकी देखणी फाईल वर्गात कोणाचीच नव्हती.

सहा महिन्यांनी बाईंनी ती चाळली. पहिल्या पानावर चूक नाही, शेवटच्याही नाही. "यात तुम्ही काय शिकलात ते मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. पुन्हा पहिल्याच वर्गात बसा.

माझं डोकंच सणकलं. एकेका वाक्यासाठी तीन-तीनदा खोडलं होतं मी! आणि ते सगळं माझ्या इथल्या घरी होतं. पाठकोरा कागद आपल्याकडे फेकतं कोण? स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांखाली अंथरलेला. जुन्यावर नवा, महिन्यांमागून महिने.

दुसऱ्या दिवशी फेअरची पानं काढली आणि ती थप्पी तेल-तिखटाच्या डागांसकट फायलीत लावून बाईंच्या टेबलावर आपटली. "वास येईल," एवढं जर्मनमध्ये सांगितलं. त्या वाचत बसल्या. सगळ्यात खालच्या कागदावर मला पेशंटला पाणी हवंय का, हेही धड विचारता येत नव्हतं. वरच्यावर मी डॉक्टरला गोळी का बदलावी ते पटवून देत होते. मला पुढच्या वर्गात बसवलं.

बाबांना त्या पानांचा फोटो पाठवला. लगेच फोन. "हे काय पाठवून राहिली वं? डाग हायेत सारे. फेअर कर."

"नाही करत, बाबा."

मग त्यांनी विचारलं, "तिखट आपलंच हाय का?"

"आपलंच."

तुम्ही गावाकडचे सगळे विचारता, आता घर कुठलं मानतेस? जिथे माझी खोडाखोड उघडी राहील, ते. अकोल्याला येईन तेव्हा ही फाईल बाबांच्या टेबलावर ठेवणार आहे. फेअर करायला नाही, वाचायला.