श्यामरावांचा नकार

शुक्रवारी सकाळी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि दार वाजलं. दारात श्यामराव कुलथे, आमच्या ओल्ड एअरपोर्ट या वस्तीतल्या मराठी मंडळाचे चौदा वर्षांचे अध्यक्ष. कुणाच्या मुलाला स्कूल बसमध्ये जागा हवी असो, कुणाच्या सासूबाईंना विमानतळावर व्हीलचेअर, सगळं त्यांच्या एका फोनवर होतं. दरवर्षी सभेत ते हात जोडून म्हणतात, "आता मला मोकळं करा, तरुणांना संधी द्या." आम्ही "छे छे, तुम्हीच!" असा गलका करतो आणि ते अगदी नाइलाजाने हार घालून घेतात.

आज मात्र चेहरा उतरलेला होता.

"वहिनी, उद्या सभा. यंदा निम्मे सभासद नवे, कॉन्ट्रॅक्टवर आलेली पोरं. त्यांना आपली पद्धत कुठे ठाऊक? मी नको म्हणालो की टाळ्या वाजवतील आणि खलास!"

"मग नको म्हणूच नका ना, भाऊजी."

"छे! स्वतःच्या तोंडाने खुर्ची मागायची? शोभतं का ते?"

पोह्यांची दुसरी बशी संपवून ते हळूच म्हणाले, "वहिनी, उद्या मी नको म्हटलं की टाळ्या पडायच्या आत तुम्ही मोठ्याने 'तुम्हीच हवे' म्हणा. एवढंच करा."