पाचवीपर्यंत चांदीच

इंग्रजीत एखाद्याबद्दल म्हणतात, की तो तोंडात चांदीचा चमचा घेऊनच जन्माला आला. अर्थ असा, की त्याचं घर आधीपासून खातंपितं होतं. सुख त्याला मिळवावं लागलं नाही, ते त्याच्या आधीच घरात येऊन बसलेलं होतं. वापरायची रीत अशी, की स्वतःबद्दल हे कुणी म्हणत नाही आणि ज्याच्याबद्दल म्हणायचं त्याच्या तोंडावरही म्हणत नाहीत. त्यात थोडा हेवा असतो, थोडी नावं ठेवणं असतं. आपल्याकडे याला एक शब्द पुरतो, गर्भश्रीमंत.

मला इंग्रजी येत नाही. एवढं मी स्वयंपाकघरात बसून शिकले. आमचे हे पुण्याकडून अमरावतीच्या शाळेवर मास्तर म्हणून आले होते, आणि संध्याकाळी ओसरीवर काही मोठे विद्यार्थी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला बसत. मधल्या भिंतीला खिडकी होती. भाजी निवडता निवडता बरंच कानावर पडे, आणि कानावर पडलेलं नीट लावून ठेवायची मला सवय आहे. फडताळातल्या डब्यांसारखंच ते: काय आहे, कुठे आहे आणि कशात मिसळायचं नाही.

ती कापसाची वर्षं होती. अमेरिकेत लढाई चालली होती, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतलं बोंड एकाएकी मोलाचं झालं. कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असं लोक सांगत. मी त्या पाहिल्या नाहीत. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या मात्र पाहिल्या, आणि त्या बैलांमागून अनवाणी चालणारा मालकही पाहिला.

आमच्या शेजारचं घर अशाच एका मालकांनी घेतलं. अंजनगावकडचे कुणबी, बायको वारलेली, एकच मुलगा आणि त्याची बायको. ते कुठल्याही गावचे पाटील नव्हते, पण पैसा आल्यावर लोक त्यांना पाटील म्हणू लागले, काही आदरानं आणि काही ओठ दाबून. दोन्हींतला फरक त्यांना बरोबर कळायचा. मुलगा बहुतेक वेळ गाड्या घेऊन खामगावच्या बाजारात असे. मग संध्याकाळी पाटील आमच्या पायरीवर येऊन बसत. इंग्रजी ऐकायला भजनासारखं वाटते, म्हणत. त्यांच्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता.

ती चमच्याची म्हण निघाली त्या संध्याकाळी ते पायरीवरच होते. यांनी अर्थ सांगितला, वापर सांगितला, मुलांनी उतरवून घेतलं. पाटलांनी विचारलं, "म्हंजे लेकरू झाल्याबरोबर चमचा देतेत तोंडात?"

हे हसले. देत नाहीत, नुसतं तसं म्हणतात, असं यांनी सांगितलं.

"उगीच कोन म्हनते, मास्तर? तुमच्यात सोन्याच्या अंगठीनं मध चाटवते का नाई?"

चाटवतात, हे खरंच होतं. हे संस्कार आणि म्हण यांतला फरक समजावू लागले. विद्यार्थ्यांना कळला. पाटलांना तो पटण्याचं काही कारण नव्हतं. त्यांच्या मते जगात श्रीमंतांच्या घरी मूल जन्मलं की त्याच्या तोंडाला आधी काहीतरी मोलाचं लागतं. ब्राह्मणांचं सोनं, साहेबाची चांदी. राहिले ते फक्त कुणबी.

जाताना ते खिडकीशी थांबून मलाच म्हणाले, "मास्तरीणबाई, मी जलमलो तवा गुळाचं पानी घातलं तोंडात, अन् गूळ शेजारून मांगून आनला होता. लोक म्हन्तेत, कपाशीचा पैसा, आला तसा जाईन. जाऊ द्या. पन ह्या लेकराले कोनी नवा म्हनू नये."

मला ते चूक वाटलं नाही.

सोनारानं पहिला चमचा केला तो पूजेच्या पळीएवढा. चमचा त्यानं कधी घडवला नव्हता. पाटलांनी तो मला आणून दाखवला, आणि बाळाच्या तोंडात जाईल असा हवा म्हणून मी माझं बोटाचं पेर दाखवलं. दुसरा बरा झाला. दांडीवर वेल होती. सुनेला पहिलटकरीण म्हणून माहेरी, अकोल्याला, पाठवायचं होतं. तिच्या आईनं निरोपावर निरोप धाडले. पाटलांनी पाठवली नाही. सून परसातल्या भिंतीवरून मला सांगायची, "मामाजी म्हन्तेत, माहेरी झालं तं चमचा कोन देईन? मी म्हनलं, मीच नेतो सोबत, पदरात बांधून. तं हसले नाई." ती स्वतः मात्र पुष्कळ हसली. हसरी मुलगी होती ती. सतरा-अठराची असेल.

बाळंतपणाची तयारी तिच्या घरी बाईमाणूस नसल्यामुळे माझ्याकडे आली. जुनं मऊ लुगडं धुऊन फाडलेलं, शेगडी, कोळसे, तीळतेल, ओवा, बाळंतशेपा, डिंक, खारीक, वेखंड. काही कमी पडलं नाही. सुईण चांगली हाताची होती. मुलगा झाला, मोठ्यानं रडला, अंगानं भरलेला होता. पाटलांनी दाराआडून चमचा आत दिला, सुईणीनं त्यावर मधाचं बोट टेकवलं आणि बाळाच्या ओठांना लावलं. बाळानं चोखलं. बाहेर गूळ वाटला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. लहान बाळाला पहिले दोन दिवस मधगुळाचं पाणी द्यायचं, आईचा चीक पिळून टाकायचा आणि तिसऱ्या दिवशी अंगावर लावायचं, अशी तेव्हा घरोघर रीत होती. माझ्या मुलांचंही मी तसंच केलं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी सकाळी गेले, सुनेला शेक दिला, पाठीशी उशी ठेवली आणि बाळ घ्यायला हात पुढे केले. सुईणीनं बाळ दिलं नाही. पाटलांनी सांगितलं होतं, पाचवीपर्यंत चमच्यानंच पाजायचं.

मी यांना बोलावून आणलं. ओटीवर दोघांचं बोलणं झालं आणि मी दाराशी उभी होते. यांनी पुन्हा म्हणीचा अर्थ सांगितला. ती जन्मलेल्याबद्दल मागाहून दुसऱ्यांनी म्हणायची गोष्ट आहे, करायची नाही, हेही सांगितलं. पाटील शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मास्तर, पाचवीले सटवी येईन लेकराचं कपाळ लिव्हाले. तिले काय इंग्रजी येते? तिले जे दिसते ते लिव्हते. त्याच्या तोंडात चांदीच दिसली पाहिजे. दोन रोज राह्यले."

यांनी माझ्याकडे पाहिलं. पाचवीला पाटा मांडून, त्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवून सटवाईनं चांगलं लिहावं म्हणून मीही हात जोडले होते, आणि यांनी ती लेखणी स्वतः तासून दिली होती. साहेबाची म्हण आणि आमची सटवाई पाटलांनी एकत्र बांधली होती, आणि ती गाठ कुठून सोडवायची ते आम्हां दोघांना दिसेना. शिवाय दोनच दिवस होते. दोन दिवसांनी काय होतं, असं हे म्हणाले. मीही तसंच मनाशी म्हटलं.

त्या दोन दिवसांत सुनेची छाती दगडासारखी झाली. मी गरम पाण्यात फडकी पिळून शेकत होते. दूध आपोआप वाहायचं, पांघरूण भिजायचं, आणि पलीकडे सुईणीच्या मांडीवर बाळ चमच्यानं गुळाचं पाणी पीत असे. एकदा ते रडलं तशी ती उठून बसली. "बाई, एकडाव द्या ना माह्याजोळ. मामाजीले दिसत नाई." मी सुईणीकडे पाहिलं. तिला पाचवीला लुगडं मिळायचं होतं, पण तेवढ्यासाठी ती अडवत नव्हती. तिचाही विश्वास होता. उद्या लेकराला काही झालं तर आपल्यावर येईल, असं ती म्हणाली, आणि तेही खोटं नव्हतं.

पाचवी थाटात झाली. पूजा झाल्यावर पाटलांनी स्वतः सांगितलं, "आता घे पोरी, पाज त्याले."

बाळानं घेतलं नाही. तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवून वाट पाहत राहिलं. ओठ मिटेनात. स्तन तोंडात दिला तर जिभेनं बाहेर लोटायचं आणि पुन्हा तोंड उघडायचं. सुईण म्हणाली, उद्या घेईल. दुसऱ्या दिवशीही घेतलं नाही. मी मला येत होतं ते सगळं केलं. खोलीत अंधार केला. स्तनाला मध लावला. बाळ झोपेत असताना लावून पाहिलं. कापसाची वात दुधात भिजवून ओठांत धरली. ती त्यानं थोडी चोखली आणि सोडली. माझी धाकटी तेव्हा अंगावर पीत होती. दुपारी खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा मी त्याला माझ्या अंगावर घेतलं. जातीचा विचार मनात आला नाही असं नाही, तो आला आणि बाजूला बसला. बाळानं माझ्याकडेही तोंड उघडून वाट पाहिली. तेवढ्यात सुईण आत आली. तिनं पाहिलं, दार लोटून घेतलं आणि बाहेर जाऊन बसली.

मग सुनेचं दूध वाटीत पिळून चमच्यानंच पाजायचं ठरवलं. दुसरा उपाय नव्हता. एका बाजूला गाठ धरून तिला ताप भरला, दुसऱ्या बाजूचं निघत होतं. वाटी उकळून घ्यायची, दूध झाकून ठेवायचं, थेंब थेंब द्यायचं, पाळ्या लावायच्या, हे सगळं मी बसवून दिलं आणि ते अगदी शिस्तीत चाललं. पण बाळाला हगवण लागली. वैद्य आले, मात्रा उगाळून दिली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर यांच्या ओळखीनं येऊन गेले, दाराबाहेरूनच विचारून. पाटील म्हणत होते, सांगा काय पाहिजे, मुंबईहून आणतो. कुणालाच काही सांगता येईना. बाळ रोज थोडं हलकं होत होतं. उचलताना हाताला कळायचं.

सुनेची आई अकोल्याहून दमणीतून आली तेव्हा बाळ रडायचंही थांबलं होतं. कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला, म्हणून तिला उशीर झाला होता. बारशासाठी आणलेली कुंची आणि लाडू तिनं गाडीतच ठेवले. बाळाला मांडीवर घेऊन तिनं त्याची टाळू पाहिली, पोट पाहिलं. पाटील दारात उभे होते. रीतीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती म्हणाली, "व्याही, तुमी चांदी देल्ली. माह्या पोरीजोळ दूध होतं."

पाटील उंबऱ्याबाहेरच खाली बसले. त्यांना तसं बसलेलं पाहून मला त्यांचा राग यायला हवा होता, पण मला आठवलं ते मागून आणलेल्या गुळाचं पाणी. त्या पाण्यानं ते स्वतः जगले होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर बाळ गेलं. नाव ठेवलं नव्हतं. पाटील स्वतःच त्याला घेऊन गेले, हे त्यांच्याबरोबर गेले. पाटलांच्या मुलाला कळवायला खामगावला माणूस पाठवला.

बायकांचं रडणं ओसरल्यावर सुनेची आई माझ्याकडे वळली आणि आता काय करायचं असं तिनं विचारलं. एवढं एकच काम उरलं होतं. मी पांढऱ्या धडप्याच्या रुंद पट्ट्या फाडल्या, मोगऱ्याची फुलं ठेचून आणली, ती सुनेच्या छातीवर पसरली आणि पट्ट्या घट्ट गुंडाळू लागले. मोगऱ्यानं दूध आटतं म्हणतात. तिनं हात वर धरले होते. पहिली पट्टी पुरी बांधून व्हायच्या आत ती ओली झाली. मी दुसरी घेतली, तीही झाली.

"बाई, ह्या दुधाले कोनी सांगतलं नाई का?" ती म्हणाली.

"थांबेल हळूहळू," मी म्हटलं, आणि तिसरी पट्टी घ्यायला वाकले.