मागच्या रांगेतला प्रश्न

भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडल्याचा वास आला की मला कॉलेजातलं ते व्याख्यान आठवतं. राजस्थानात अणुस्फोट झाला, त्याच वर्षी एक अणुशास्त्रज्ञ साताऱ्याला आमच्या कॉलेजात बोलायला आले होते. वडील त्या दिवशी मला भेटायला उंब्रजहून एसटीनं आले आणि सभागृहात मागं जाऊन बसले. कोणाला काही विचारायचंय का, असं पाहुण्यांनी म्हणताच हात वर झाला तो वडिलांचाच. "आवं सायेब, अणूच्या किरणांनी शेंगाचं बी सुधारतंय म्हणं. आमच्या मुरमाड रानात यील का त्ये?" पोरं खिदळली. "म्हातारा बाँब पेरतोय रं!" शेजारचा म्हणाला, आणि त्याच्याबरोबर मीही हसलो. पाहुणे मात्र हसले नाहीत. खाली उतरून ते वडिलांजवळ बसले, रानाची, पाण्याची चौकशी केली, बी पाठवायला पत्ता लिहून घेतला आणि सहज विचारलं, "इथं तुमचं कोणी शिकतं का?" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "न्हाई सायेब," ते म्हणाले, "ऐकाय म्हणून आलो हुतो." ते माझे वडील होते, हे मी आज पहिल्यांदाच सांगतो आहे.