तोंडावर बोलणारी तोमिए

तोमिए कुसाकाबे लग्न करून उत्तरेकडून, होक्काइदोहून, आमच्या बंदरावर आली आणि मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात लागली. आवाज असा खणखणीत, की ती धक्क्यावर बोलली तर होडीतला माणूस मागे वळून बघे. आल्या आल्या ती आम्हा बायकांच्या व्हॉलीबॉल संघात शिरली. मी मागच्या रांगेत खेळायचे. तिच्यासारखा स्मॅश मारणारी बाई आम्ही तोवर पाहिलीच नव्हती.

पण तिची जीभही तशीच सुटायची. कुणाचा बॉल हुकला की, "अगं, खेळायला आलीस की डुलक्या काढायला?" एकदा ओरिए हामायाने तिच्यासाठी उचललेला बॉल जाळीपर्यंत पोचलाच नाही. तोमिए ओरडली, "बॉल आहे तो, अंडं नाही! फुटत नाही!" त्या दिवशी ओरिएची सासू बाकावर बसली होती. ती खो खो हसली. ओरिएही हसली आणि वाकून म्हणाली, "चुकलंच माझं."

तेव्हापासून तोमिएला बॉल मिळेना. ओरिए दर वेळी दुसरीलाच उचलून द्यायची. विचारलं तर गोड आवाजात, "तुमचा खांदा दुखत असेल ना, जपायला हवं." सरावाची वेळ बदलली की सगळ्यांना निरोप जाई, नेमका तिलाच जायचा राहून जाई. गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात तिच्याबद्दल कुजबुज चाले. ती आत आली की सगळ्या हवापाण्यावर बोलू लागत. मी म्हटलं, "हे बरं नाही गं." तर त्या म्हणत, "कसलं काय, काकू? आम्ही कुठे काय केलंय?"

एका संध्याकाळी तोमिए लवकर येऊन सरावाच्या हॉलच्या मधोमध मांडीवर बॉल घेऊन बसली. सगळ्या जमल्यावर तिने तो ओरिएपुढे धरला.

"ओरिए, तुला माझा राग आलाय. हवं तर हा माझ्या तोंडावर मार. पण बॉल न देऊन मारू नकोस. ते फार लागतं गं."

"छे, राग कसला..." ओरिए हसून म्हणाली. आणि मग बांध फुटला. "सासूबाईंसमोर हसं केलंत माझं! आठवडाभर जेवताना अंडं, अंडं चाललं होतं घरी!"

तोमिए लालबुंद झाली. गुडघे टेकून तिने कपाळ जमिनीला लावलं. "चुकले मी. पण मला कुणी बोललंच नाही."

"तुम्हाला कोण बोलणार? तुम्ही ओरडता!"

हसू पहिल्यांदा मलाच फुटलं. मग एकेकीने आपापलं गाऱ्हाणं काढलं. तोमिएने सगळं मान खाली घालून ऐकलं. शेवटी म्हणाली, "आता माझं ऐका. रिकाम्या हॉलबाहेर तीनदा थंडीत उभी राहिले मी." तेव्हा आमच्या माना खाली गेल्या.

जिल्ह्याच्या स्पर्धेतल्या एका सामन्यात पलीकडच्या संघातल्या एका धिप्पाड बाईने जाळीखालून तोमिएचा पाय मुद्दाम चिरडला. पंचाला दिसलं नाही. तोमिएच्या मुठी वळल्या. आता ही हाणते तिला, असं मला वाटलं.

ओरिए तिच्याजवळ सरकली. "तोमिए, तिच्याकडे बघू नकोस. बॉलकडे बघ. मी देतेय तुला." ती पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाली.

बॉल उंच उठला. लंगडा पाय घेऊन तोमिएने उडी मारली. समोर ती बाई तोंडापुढे हात धरून आकसून उभी होती. तोमिएने तिला सोडून मागचा रिकामा कोपरा फोडला. पुन्हा ओरिएने दिला, पुन्हा तिने तिथेच मारला. तो सामना आम्ही जिंकलो.

दुसऱ्या फेरीपलीकडे कधी न गेलेला आमचा संघ त्या वर्षी अंतिम सामन्यात पोचला. तो हरलो, पण रडलं कुणीच नाही. त्या धिप्पाड बाईला तोमिए बाहेर गाठून म्हणाली, "पाय मुद्दाम दिलास, कळलं मला. पुढच्या वर्षी पाय न देता हरवून दाखव."

मी तिच्या शेजारीच उभी होते, छाती पुढे काढून.